डोंगरावरचा कार्तवीर्य आणि किल्ल्यातला कार्तवीर्य

बाई, तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या मराठी शाळेची सहल सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेली होती. वाट दाखवणाऱ्याने मुलांना सांगितलं की जमदग्नी ऋषींना मारणारा कार्तवीर्य हा इथलाच राजा, सौंदत्ती त्याची राजधानी, आणि पुढे त्यानेच बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन देऊळ उभं केलं. परतताना बसमध्ये एका मुलीने विचारलं, "बाई, ऋषीला मारणाऱ्या राजाने देऊळ कशाला बांधलं?" तुम्हाला उत्तर देता आलं नाही, म्हणून मला विचारलंत.

त्या मुलीला शाबासकी द्या. गेली तीस-पस्तीस वर्षं मी या भागातले शिलालेख वाचतो आहे, दगड धुऊन, ओला कागद चिकटवून, ब्रशने ठोकून ठसे घेतो आहे. हा घोळ मी अनेक मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला, पण त्यातली विसंगती तिच्याइतक्या नेमकेपणाने कुणी दाखवली नव्हती.

उत्तर असं की हे एक नाव पाच जणांचं आहे. एक पुराणातला कार्तवीर्य अर्जुन, ज्याला आपण सहस्रार्जुन म्हणतो. आणि चार जण सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातले राजे, ज्यांना इतिहासकार पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे आकडे लावतात. डोंगरावरच्या कथेतला कार्तवीर्य तो पुराणातला. कमल बस्तीशी संबंध आहे तो चौथ्या कार्तवीर्याचा. वाट दाखवणाऱ्याने दोघांना एकत्र केलं, आणि त्यात त्याचा फार दोष नाही. एकाच गावात ही दोन्ही नावं इतकी जवळजवळ आली आहेत की घोळ होणं साहजिक होतं.

आधी पुराणातला पाहू. कृतवीर्याचा मुलगा म्हणून कार्तवीर्य. मूळ नाव अर्जुन. हैहय कुळातला, राजधानी माहिष्मती, नर्मदेच्या काठी. मध्य प्रदेशातलं महेश्वर म्हणजेच माहिष्मती असं बरेच जण मानतात. दत्तात्रेयांची सेवा करून त्याने हजार हात मिळवले, रावणाला पकडून कैदेत ठेवलं, आणि पुढे जमदग्नींच्या आश्रमातली गाय पळवली. परशुरामाने त्याला मारलं. त्याचा सूड म्हणून कार्तवीर्याच्या मुलांनी जमदग्नींना मारलं. महाभारतात हा क्रम असाच आहे, म्हणजे जमदग्नींना मारणारे त्याचे मुलगे. आपल्याकडे डोंगरावर सांगतात त्यात मात्र मारणारा खुद्द कार्तवीर्यच असतो.

आपल्या भागात ही कथा पुस्तकापेक्षा जत्रेतून कळते. मार्गशीर्षातली पौर्णिमा ती रांडाव पुनव. यल्लम्मा म्हणजे जमदग्नींची पत्नी रेणुका; जमदग्नी गेले, देवी विधवा झाली, म्हणून त्या दिवशी बांगड्या फुटतात. मग माघातली ती अहेव पुनव. देवीला पुन्हा चुडा भरतात. कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी, चिकोडीकडची माणसं जग, म्हणजे देवी बसवलेली परडी, डोक्यावर घेऊन, चौंडकं वाजवत, "उदं गं आई उदं" करत जातात, आणि कन्नड माणसं त्याच पौर्णिमांना आपल्या नावांनी जातात. या दोन पौर्णिमांच्या मधला सगळा काळ कार्तवीर्याने केलेल्या एका कृत्यावर उभा आहे. त्यामुळे डोंगरावर त्याचं नाव जिवंत आहे, पण ते अपराध्याचं नाव म्हणून.

आता गंमत पाहा, हेच नाव आपल्या मराठी घरात वेगळ्या अर्थाने येतं. किल्ली सापडत नाही, जनावर हरवलं, की आजी "कार्तवीर्यार्जुनो नाम" हा श्लोक म्हणायला सांगते. त्याचं स्मरण केलं की गेलेली वस्तू परत मिळते अशी श्रद्धा. आणि दत्तसंप्रदायात तर तो दत्तप्रभूंचा थोर भक्त. नरसोबाच्या वाडीला जाणारं घर आणि सौंदत्तीला जाणारं घर पुष्कळदा एकच असतं. त्या घरात हा राजा एका दिशेला भक्त आणि दुसऱ्या दिशेला ऋषीचा घातकी असतो. शिवाय बेळगाव, हुबळी, गदग-बेटगेरीकडे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज आहे. कार्तिक शुद्ध सप्तमीला ते सहस्रार्जुन जयंती करतात. त्यांच्यासाठी तो पूर्वज आहे. तुमच्या वर्गात त्या समाजाचं मूल असू शकतं. ही कथा सांगताना "दुष्ट राजा" हा शब्द वापरू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

आता रट्टांकडे येतो, कारण खरं सांगायचं ते इथे आहे.

सौंदत्तीचं जुनं नाव सुगंधवर्ती. कुंडी तीन हजार नावाच्या प्रांतावर रट्टांची सत्ता होती. आजच्या बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग त्यात येतो. आधी ते राष्ट्रकूटांचे मांडलिक, नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे. ते आपल्या लेखांत स्वतःला "लट्टनूरपुरवराधीश्वर", म्हणजे लट्टनूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, म्हणवतात. हे लट्टनूर म्हणजे मराठवाड्यातलं लातूर. सीमाभागातल्या माणसाने हे बिरुद एकदा शांतपणे वाचावं असं मला नेहमी वाटतं: कन्नड भाषेत लेख कोरवणारा, सौंदत्तीत बसलेला राजा आपलं मूळ लातूरला सांगतो. ध्वज सोनेरी गरुडाचा, आणि वंश राष्ट्रकूट कृष्णाचा. म्हणजे माहिष्मती नाही, हैहय नाही, सहस्रार्जुन नाही. हैहय कार्तवीर्याचा वंश आपला असं लेखांत सांगणारे राजे वेगळे होते, जबलपूरजवळच्या त्रिपुरीचे कलचुरी. ज्यांचं कूळ कार्तवीर्याचं असं ते स्वतः म्हणत, त्यांचा सौंदत्तीशी संबंध नाही. आणि सौंदत्तीच्या ज्यांनी मुलांची नावं कार्तवीर्य ठेवली, त्यांनी त्याच्या वंशाचा दावा केलेला नाही. नावावरून कूळ ठरवता येत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला आपल्या भागात सापडलेलं नाही.

पहिला कार्तवीर्य दहाव्या शतकाच्या शेवटी, तैलप चालुक्याच्या काळात. त्याला लेखांत नुसतं "कत्त" असंही म्हटलेलं आहे. तिसरा बाराव्या शतकाच्या मध्याचा, त्याचं दुसरं रूप "कत्तम". म्हणजे बोलताना कत्त, कत्तम, आणि प्रशस्तीत कार्तवीर्य. आपल्याकडे घरात बाळू आणि शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण असतो तसंच. नव्याने लेख वाचणाऱ्याला मी हे पहिल्याच दिवशी सांगतो, कारण कत्तम हा निराळा राजा समजून वंशावळीत एक माणूस वाढवणारे मी पाहिले आहेत.

आणि ही नावं पुन्हा पुन्हा का येतात तेही लेखांवरून दिसतं. शेवटच्या पिढ्या क्रमाने म्हणून पाहा. सेन पहिला, त्याचा मुलगा कार्तवीर्य दुसरा, त्याचा मुलगा सेन दुसरा, त्याचा मुलगा कार्तवीर्य तिसरा, त्याचा मुलगा लक्ष्मीदेव पहिला, त्याचा मुलगा कार्तवीर्य चौथा, त्याचा मुलगा लक्ष्मीदेव दुसरा. नातवाला आजोबांचं नाव! तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी हीच रीत असेल. फळ्यावर ही नावांची गुंफण लिहा आणि मुलांना आपापल्या आजोबांचं नाव विचारा. आठशे वर्षांपूर्वीचं राजघराणं त्यांना एकदम ओळखीचं वाटेल. राजे मात्र स्वतःला "तिसरा", "चौथा" असं कधी म्हणवत नव्हते. हे आकडे आपल्या सोयीसाठी नंतर लागले. रट्टांचे लेख एकत्र करून त्यांची मांडणी करण्याचं मोठं काम एकोणिसाव्या शतकात फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने केलं. दगडावर फक्त "कार्तवीर्य" असतं, आणि तो कितवा हे वाचणाऱ्याने ठरवायचं असतं.

कसं ठरवायचं? बाप कोण, राणी कोण, शक आणि संवत्सर कोणतं, आणि राजा कुठून राज्य करतो आहे. पद्मलदेवीचा नवरा तो तिसरा, एचलदेवीचा तो चौथा. नुसत्या नावावर मी आता कधीच विसंबत नाही. कालगणनेचं एक उदाहरण देतो, मुलांना गणित म्हणून आवडेल. बेळगावच्या चौथ्या कार्तवीर्याच्या लेखात शके ११२७, रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया, शनिवार, उत्तरायण संक्रमण असं दिलं आहे. शकात ७८ मिळवले तर १२०५ येतं. पण संवत्सर तपासा. आपल्या पंचांगात १९८४ साली रक्ताक्षी होतं. संवत्सराचं नाव साठ वर्षांनी फिरून येतं, म्हणून साठ-साठ वर्षं तेरा वेळा मागे जा: ७८० वर्षं वजा केली की १२०४. म्हणजे लेखातला शक "चालू", म्हणजे सुरू असलेलं वर्ष धरून, मोजलेला आहे, "गत", म्हणजे पूर्ण झालेली वर्षं धरून, नाही. ती तारीख २५ डिसेंबर १२०४ येते, आणि त्या दिवशी वार खरोखर शनिवारच पडतो. संक्रांत तेव्हा डिसेंबरात येत असे. शक, संवत्सर, तिथी, वार, संक्रमण या पाचही गोष्टी एका दिवशी येऊन मिळतात तेव्हा माझ्या अंगावर आजही काटा येतो. नर्मदाकाठच्या हजार हातांच्या राजाला अशी तारीख नाही, आणि ती शोधायचीही नसते; त्याचा काळ पुराणाचा. पण या कार्तवीर्याचा एक शनिवार आपल्या हातात आहे.

त्या शनिवारी काय झालं? वेणुग्राम, म्हणजे आजचं बेळगाव, इथून कार्तवीर्य आपला धाकटा भाऊ युवराज मल्लिकार्जुन याच्यासह राज्य करत होता. त्याचा मंत्री बीचण याने तिथे रट्ट जिनालय नावाचं जैन मंदिर बांधलं होतं, आणि त्यासाठी राजाने शुभचंद्र भट्टारकांच्या हाती दान दिलं. दुसऱ्या लेखात गावातल्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालावरचं देणं मंदिराला लावून दिल्याचं आहे, आणि त्या व्यापाऱ्यांत लाट, म्हणजे गुजरातचे, आणि मलेयाळ, म्हणजे केरळचे लोकही आहेत. तेव्हाचं बेळगाव केवढं मोठं पेठेचं गाव होतं ते यावरून कळतं. हे जिनालय म्हणजेच किल्ल्यातली कमल बस्ती असं मानतात. छतातलं ते दगडी कमळ, आणि त्याच्या ७२ पाकळ्या, भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांच्या प्रत्येकी चोवीस तीर्थंकरांच्या.

म्हणजे मुलीच्या प्रश्नाचं एक उत्तर असंही आहे की देऊळ राजाने बांधलं नाही, त्याच्या मंत्र्याने बांधलं. राजाने दान दिलं.

या बीचण नावावरून मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे, कारण ती याच जातीची आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका स्थानिक स्मरणिकेत मी लिहिलं की कार्तवीर्याचा मंत्री बीचण पुढे देवगिरीच्या यादवांना मिळाला आणि त्यानेच रट्टांचं राज्य बुडवलं. कारण यादव सिंघणाचा सेनापती बीचण याने रट्टांचा पाडाव केल्याचं १२३८ च्या हरळहळ्ळीच्या ताम्रपटात आहे. नाव एक, प्रदेश एक, मध्ये तीसेक वर्षं. मला कथा फार नाट्यमय वाटली आणि मी ती लिहून टाकली. नंतर त्या सेनापतीचा बाप चिक्कदेव हे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की मी एका निष्ठावान माणसावर, आठशे वर्षांनी, फितुरीचा आरोप केला होता. स्मरणिका लोकांच्या घरी पोचलेली होती. पुढच्या अंकात दुरुस्ती छापून घेतली, पण पहिला मजकूर अजूनही कुणीकुणी मला दाखला म्हणून दाखवतं, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. एकाने मंदिर बांधलं, दुसऱ्याने ते राज्यच संपवलं, आणि दोघांचं नाव बीचण. तुमच्या डोंगरावरच्या माणसाने कार्तवीर्यांचं केलं तेच मी बीचणांचं केलं होतं.

आता तुमच्या पत्रातला दुसरा, मला जास्त आवडलेला प्रश्न: ज्या गावाच्या डोंगरावर कार्तवीर्य हा अपराधी, त्याच गावच्या राजांनी आपल्या मुलांना हे नाव का दिलं?

याचं उत्तर कुणा राजाने कोरून ठेवलेलं नाही. मी माझं मत सांगतो, आणि त्याला आधार काय तेही सांगतो. पहिली गोष्ट अशी की संस्कृत परंपरेत कार्तवीर्य हा मुळात थोर चक्रवर्ती आहे. यज्ञ, दान, पराक्रम यांत त्याच्या तोडीचा राजा झाला नाही अशी त्याची स्तुती पुराणांत आहे. गायीचा प्रसंग शेवटी येतो. राजघराण्याला त्या नावात पराक्रम दिसत असणार.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रट्टांच्या दरबारात जैन मताला मोठा मान होता. त्यांचे राजगुरू मुनिचंद्र यांना १२२८ च्या सौंदत्तीच्या लेखात रट्टराज्याचे प्रतिष्ठाचार्य म्हटलं आहे. आणि जैन पुराणांत हीच कथा अगदी उलट चालते. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात, जे राष्ट्रकूटांच्या काळात याच कन्नड मुलखात रचलं गेलं, जमदग्नी आहे, रेणुका आहे, परशुराम आहे, सहस्रबाहू राजाही आहे. पण कथा परशुरामाच्या विजयावर थांबत नाही. सहस्रबाहूचा वाचलेला मुलगा सुभौम गुप्तपणे वाढतो, परशुरामाला मारतो, आणि जैन परंपरेतला आठवा चक्रवर्ती होतो. म्हणजे ज्या श्रोत्यांनी ही कथा बस्तीत ऐकली, त्यांना हजार हातांच्या राजाचं कूळ हे हरलेलं, शापित कूळ वाटलंच नसेल. चक्रवर्ती देणारं कूळ वाटलं असेल. जैन गुरूंच्या आशीर्वादाने राज्य करणाऱ्या घराण्याला कार्तवीर्य हे नाव अशुभ का वाटावं?

सौंदत्तीच्या त्याच परिसरात एका बाजूला देवीची कथा आणि दुसऱ्या बाजूला बस्तीतली कथा, दोन्हींत तेच लोक, आणि शेवट वेगळे. रट्टांनी शैव देवळांनाही दानं दिली. १२२८ चा तो लेख तर शिवमंदिराच्या दानाचाच आहे. त्यांना या दोन कथा शेजारी ठेवता येत होत्या. आपल्याला त्या एकमेकींत मिसळून टाकायची घाई का असते कळत नाही.

आणि मिसळल्याने नुकसान कुणाचं होतं तेही सांगतो. सहस्रार्जुनाला काही फरक पडत नाही. त्याच्या कथा देशभर आहेत. नुकसान होतं चौथ्या कार्तवीर्याचं. बेळगावात बसून रट्टांचं राज्य चालवणारा हा राजा. निपाणीजवळच्या भोज गावात त्याचा शके ११३१ चा ताम्रपट मिळाला. गोकाकजवळच्या कल्होळीला त्याच्याच काळचा लेख आहे. (भोज हे गावाचं नावही असंच; कुणी त्याचा संबंध माळव्याच्या भोज राजाशी जोडतो, कुणी पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाशी. गावाच्या नावावरून राजा ठरवू नये, एवढंच आज म्हणतो.) बेळगाव कुणाचं यावर आपण तीन पिढ्या बोलतो आहोत, आणि ज्याने बेळगावहून राज्य केलं त्याचं नाव शाळेतल्या मुलांना ऋषीचा मारेकरी म्हणून माहीत होतं. मला हे फार लागतं.

मुलांना दोन्ही सांगा. डोंगरावर गेलात की जमदग्नी, रेणुका, परशुराम आणि सहस्रार्जुन यांची कथा जशी जोगती सांगतात तशीच ऐकू द्या. मध्ये "हे खरं नाही" असं म्हणू नका, ती देवीची कथा आहे. किल्ल्यात गेलात की शके ११२७ चा शनिवार सांगा. आणि दोन्ही ठिकाणी विचारा, हा कार्तवीर्य कुणाचा मुलगा? डोंगरावरचा कृतवीर्याचा, किल्ल्यातला लक्ष्मीदेवाचा. एवढ्याने ते दोघे वेगळे होतात.

कमल बस्तीत गेल्यावर मुलं तो शिलालेख कुठे आहे म्हणून विचारतील, तयारीत राहा. बेळगावचे ते दोन्ही दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मीही त्यांचा ठसा कधी घेऊ शकलो नाही, छापील पाठावरूनच वाचले. त्यातल्या राजा, युवराज, बीचण आणि व्यापाऱ्यांच्या भागाचं सोपं मराठी मी माझ्या वहीत करून ठेवलं आहे, कन्नड ओळी देवनागरीत लिहून त्याखाली अर्थ, असं. ती पानं तुमच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतो. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला पहिली वाचू द्या.